एक बूच कमी

माझ्या लाकडी ठोकळ्यात चोवीस भोकं आहेत आणि चोवीस भोकांत चोवीस बुचं. काळ्या नायलॉनची, माझ्या हातानं लेथवर घडवलेली. सर्वांत बारीक बूच काडेपेटीतल्या काडीएवढं, सर्वांत जाड अंगठ्याएवढं. कंपनीतून निवृत्त होऊन मला पाच वर्षं झाली. लोक निरोपाच्या दिवशी घड्याळ घेऊन घरी येतात. मी घड्याळासोबत हा ठोकळाही आणला. रीतसर मागून आणला, हे आधीच सांगतो. सिल्वासाच्या टोकरखाड्यातल्या आमच्या घरात तो टीव्हीशेजारी असतो. पाहुणे विचारतात, "हे काय?" बायको परस्पर सांगून टाकते, "ह्यांची माणसं आहेत ती. हजेरी घेतात त्यांची."

तिचं अगदीच खोटं नाही. दसरा जवळ आला की मी ती बुचं मोजतो. त्याला एक कारण आहे आणि ते यंदाच्या दसऱ्यापर्यंत मी तिलाही पुरतं सांगितलेलं नव्हतं.

मी मूळचा नाशिकचा. सिल्वासात आलो तेव्हा दोन वर्षं काढू, अनुभव घेऊ आणि परत जाऊ असा बेत होता. असा बेत करून आलेली निम्मी माणसं आज आमच्याच कॉलनीत नातवंडं खेळवताहेत. बायकोला मराठी शाळेत नोकरी लागली आणि मला एका प्लास्टिकच्या कारखान्याची टूलरूम मिळाली. बादल्या, झाकणं, डबे ज्या पोलादी साच्यांतून निघतात ते साचे आम्ही बनवायचो आणि दुरुस्त करायचो. केसभर फरक पडला तरी झाकण डब्यावर बसत नाही. माझा स्वभाव आधीच किरकिरा, तो तिथं पक्का झाला. अजूनही भाजीवाल्याच्या काट्याकडे मी संशयानं पाहतो. कारखान्यातले लोक मला पाठीमागं 'मायक्रॉन' म्हणायचे आणि मला ते मनातून आवडायचं.

आमच्या टूलरूमची खंडेनवमी सगळ्या वसाहतीत गाजलेली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मशीन बंद ठेवून सकाळपासून धुणं-पुसणं चालायचं. आमलीच्या बाजारातून पोतंभर झेंडू यायचा. लेथ, मिलिंग, ग्राइंडर, सगळ्यांना तोरणं. मधोमध ग्रॅनाइटची मोठी सपाट लादी होती. एरवी तिच्यावर कुणी चहाचा कप ठेवला तर मी टूलरूम डोक्यावर घ्यायचो. त्या दिवशी मात्र तिच्यावर लाल कापड अंथरून सगळी हत्यारं मांडायची: मायक्रोमीटर, व्हर्निअर, गेज, कानशी, पाने. मग हळद, कुंकू, अक्षता, फूल. बिहारचा वेल्डर, ओडिशाचा फिटर, वलसाडचा स्टोअरकीपर, धुळ्याचा लेथवाला, सगळे अनवाणी एका रांगेत उभे. आरती मराठीत, प्रसादाला गुजराती मोहनथाळ आणि नंतरच्या गप्पा हिंदीत.

त्यात माझी एक पद्धत होती. पूजेआधी प्रत्येक उघड्या भोकाला बूच लावायचं. साच्यांना, बुशांना म्हणजे धातूच्या पोकळ नळकांड्यांना, मशीनच्या पोकळ दांड्यांना, सगळ्यांना. नाशिकला मी उमेदवारी करत असताना दसऱ्यानंतर एका लेथच्या पोकळीत अक्षतेचा एक दाणा राहून गेला होता. त्या दाण्यानं कामावर असा ओरखडा पाडला की आठवड्याची मेहनत भंगारात गेली. आमच्या फोरमननी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेव्हापासून मी बुचांच्या नादी लागलो. पूजेच्या आधी ठोकळा काखेत मारून रांगेनं फिरायचो आणि अंगठ्यानं एकेक बूच दाबत जायचो. हात आपोआप चालायचे. सुट्टीनंतर कामावर आलो की बुचं काढायची, ज्याच्या त्याच्या भोकात परत बसवायची आणि मोजायची. चोवीस भरली की मगच मशीनचं बटण दाबायला परवानगी.

आता फौजीकाका. आमच्या कंपनीत बंदूकधारी पहारेकरी तेवढे एकच. शिरपूरकडचे. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि एका सिक्युरिटी एजन्सीमार्फत आमच्याकडे आले. जवळ स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर. एजन्सीत गनमॅनचा वर्ग वेगळा असतो. त्यांना पगार जास्त, मान जास्त, आणि मोठे साहेबही त्यांना 'तुम्ही' म्हणतात. वयानं ते माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठे, पण मिशा अशा झुपकेदार की सगळी कंपनी त्यांना काका म्हणायची. आमलीत एक खोली घेऊन एकटेच राहायचे. बायको, मुलगा, सून आणि नात गावी. नातीचा फोटो पाकिटात, आणि पाकीट दिवसातून चारदा बाहेर यायचं.

आमची दोस्ती जमली ती एका संध्याकाळी. घरी निघताना मी गेटवरच्या केबिनमध्ये डोकावलो तर काका वर्तमानपत्रावर रिव्हॉल्व्हर उघडून बसलेले. त्यांचं रिव्हॉल्व्हर मधून बिजागरीसारखं मोडून उघडायचं, म्हणजे नळी आरपार मोकळी व्हायची. ती उजेडाकडे धरून एक डोळा मिटून ते पाहत होते. बुशाचं भोक मी जसं पाहायचो, अगदी तसं.

"काका, रोज?" मी विचारलं.

"रोज. चालवायची पाळी येवो न येवो, पाहायचं. नळीत काय हाये ते आपल्याला माहीत पायजे, साहेब." मग पितळी सळईला चिंधी गुंडाळून त्यांनी ती मागच्या बाजूनं घातली आणि पुढून काढली. "आत काही अडकलेलं ऱ्हायलं आन् घोडा दाबला, तर गोळी बाहेर जात नाही. नळी फाटते. बोटं जातात, डोळा जातो. एकाचं पाहिलंय मी डोळ्यानं."

मला त्यांनी एकदा नळीतून पाहू दिलं. हातात दिलं नाही, स्वतःच धरून ठेवलं. परवाना एकाचा असताना हत्यार दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही, हा त्यांचा नियम आणि कायदाही तोच. मी वाकून पाहिलं. आत लख्ख पोलाद आणि वळत वळत गेलेल्या बारीक खाचा. इतकं सुंदर भोक मी आमच्या कारखान्यात पाहिलं नव्हतं, असं मी त्यांना सांगितलं. ते इतके खूश झाले की दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा चहा आम्ही त्यांच्या केबिनमध्येच घ्यायला लागलो. ती केबिन जेमतेम दोन खुर्च्यांची. ट्रकवाल्यांचे हॉर्न, बाहेर धूळ, आणि आत काकांनी घड्याळ लावून उकळलेला आल्याचा चहा. तसा चहा मला नंतर कुठं मिळाला नाही.

दर खंडेनवमीला काका रिव्हॉल्व्हर रिकामं करून आणायचे. काडतुसं खिशात, खिशाचं बटण लावलेलं. दाराशी बूट काढायचे, आत यायचे आणि रांगेच्या टोकाला लाल कापडावर हत्यार ठेवून तिथंच उभे राहायचे. कानशीशेजारी रिव्हॉल्व्हर. कुणालाही त्यात वावगं वाटत नसे.

त्या वर्षी गेटवर एक ट्रेलर अडकला आणि काकांना उशीर झाला. मी ठोकळा काखेत घेऊन बुचं लावत रांगेच्या टोकाला पोचलो होतो, तेवढ्यात ते घाईघाईनं आत आले. हत्यार कापडावर ठेवलं आणि त्यांचं लक्ष स्वतःच्या पायांकडे गेलं. सगळे अनवाणी आणि ते बुटांत. एवढे लाजले की मिशांखाली जीभ चावली.

"साहेब, नजर ठेवा. बूट काढून येतो."

फौजी बूट ते, नाड्या काही एका झटक्यात सुटत नाहीत. मिनिटभर तरी लागलं असेल. माझ्यापुढं रांगेतली शेवटची वस्तू होती आणि तिला एक उघडं भोक होतं. मी विचार केला नाही. अंगठ्यानं आठ मिलिमीटरचं बूच दाबलं, ते काठाबरोबर सपाट बसलं आणि मी ठोकळा खाली ठेवून पूजेचं ताट उचललं. काळ्या भोकात काळं बूच. खुद्द मलाच नंतर ते दिसलं नाही.

काका येऊन हात जोडून उभे राहिले. आरती झाली. मी प्रत्येक हत्याराला हळदकुंकू लावलं, रिव्हॉल्व्हरलाही. ते उचलताना काकांनी सवयीनं रुमाल काढला तर मी त्यांना अडवलं. "काका, दसरा होईपर्यंत पुसायचं नाही हं. कुंकू राहू द्या."

"रोज पुसायची सवय हाये, साहेब."

"एक दिवस देवाला द्या की!"

ते हसले, रुमाल परत खिशात ठेवला, आणि दसरा सरेपर्यंत नळीही पाहिली नाही. हा माझा त्या दिवशीचा दुसरा शहाणपणा. त्याच दुपारी काडतुसं भरून ते मोठ्या साहेबांबरोबर वापीला जाऊन आले. ते हत्यार कमरेला, आणि नळीत माझं बूच. पुढं कित्येक वर्षं अंघोळ करताना हे आठवलं की मी हातात तांब्या धरून तसाच बसून राहायचो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. तोरणं सुकली होती. बुचं काढली, ठोकळ्यात लावली, मोजली. तेवीस. परत मोजली. तेवीस. आधी मी सगळ्यांवर उखडलो. लेथखालचा धातूचा किस उपसायला लावला, वेल्डरच्या झाडूवर संशय घेतला, ओडिशाच्या फिटरला उगाच दोन शब्द ऐकवले. मग ठोकळ्यावर रिकामं भोक कुठलं ते पाहिलं. आठचं. आठचं बूच मी लावलं कशाला होतं? साच्याचं भोक सहाचं, बुशांची दहाची आणि बाराची. एकेक आठवत गेलो. आमच्या रांगेत त्या दिवशी आठचं भोक एकाच वस्तूला होतं.

मी ठोकळा सोडून फोन शोधायला लागलो. कारण त्या सकाळी काका कुठं गेलेत ते मला माहीत होतं. एजन्सीच्या गनमॅनना वर्षातून एकदा नेमबाजीची चाचणी द्यावी लागायची आणि ती नेमकी त्या दिवशी होती. गोळ्या झाडायच्या, हत्यार तपासून घ्यायचं आणि चिठ्ठी आणायची. चिठ्ठी नीट आली तर गनमॅन, नाही तर साधा पहारेकरी. आदल्या आठवड्यात काका मला म्हणाले होते, "बावीस वर्षं फौजेत आन् इथं सहा, एक बी शेरा खराब नाही, साहेब."

फोन लावला. बंद. नेमबाजीच्या रेंजवर फोन जमा करून घेतात. गेटवर धावलो तर तिथला माणूस म्हणाला, "काका तो सात बजे निकल गये."

रेंज खानवेलच्या रस्त्याला, गावापासून बरीच लांब. स्कूटर एवढी पळवली नव्हती कधी. एक कंटेनर पुढं जाऊ देईना, त्याला मी नाशिकच्या शिव्या दिल्या. वाटेत दुसरं काही सुचतच नव्हतं. नळी फाटते, बोटं जातात, डोळा जातो. त्यांचा आवाज कानात घुमत होता. जवळ पोचलो तसे बार ऐकू यायला लागले. एक झाला की मी स्कूटरवर आखडून जायचो, आणि लगेच दुसरा झाला की वाटायचं, ठीक आहे, हा दुसऱ्या कुणाचा असेल. एका क्षणी सगळंच शांत झालं आणि तेव्हा मी खरोखर रडकुंडीला आलो.

फाटकावरच्या शिपायानं अडवलं. मी काय बोललो कोण जाणे, त्यानं सोडलं. समोर एका सागाच्या झाडाखाली दगडावर काका बसलेले. टोपी गुडघ्यावर. मी आधी बोटं मोजली. दहा.

झालं होतं ते असं. गोळी भरण्याआधी पोलिसांचा आर्मरर, म्हणजे हत्यारांचा मिस्त्री, प्रत्येकाची नळी बॅटरी लावून पाहत होता. काकांच्या नळीतून उजेड आला नाही. तेवढ्यावर थांबले असते तरी बरं होतं. पण एजन्सीचा तरुण सुपरवायझर घाईत होता. त्यानं कुणाची तरी लोखंडी सळई घेतली, पुढून घातली आणि दगडानं दोन ठोके दिले. बूच बाहेर यायच्या ऐवजी आणखी आत गेलं आणि मधोमध गच्च बसलं. आर्मररनं त्याच्या हातून हत्यार हिसकावून घेतलं आणि त्याची चांगली हजेरी घेतली. आता ते टेबलावर उघडं पडलं होतं.

"बोलो ना काका, अंदर क्या डाला है?" आर्मरर विचारत होता.

मी टेबलापाशी पोचलो, तोंड उघडलं. पण काका माझ्या आधी उठून आले होते. "नायलॉनचं बूच हाये," ते म्हणाले. "मीच लावलं. हवा दमट, गंज चढू नये म्हणून. काढायचं विसरलो." बूच कोणाचं ते त्यांनी केव्हाच ओळखलं होतं, माझा ठोकळा त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला होता. माझ्याकडे न बघता त्यांनी मान किंचित हलवली. "हे आमच्या कंपनीचे टूलरूमचे साहेब. काढायचं कसं ते यांना इचारा."

आर्मरर माझ्याकडे वळला. आणि मी, लाज वाटते पण लिहितो, कामाचं बोलायला लागलो. हातोडा नको, म्हणालो. ड्रिल नको, खाचा जातील. तापवायचं तर अजिबात नाही, नायलॉन वितळून चिकटून बसेल. दोन्ही बाजूंनी तेल सोडा आणि थांबा. मग मागच्या बाजूनं पितळी सळई, जिचं तोंड भोकाएवढंच रुंद आहे अशी, सरळ रेषेत दाबत न्या. आर्मरर शहाणा माणूस होता, त्याला हे सगळं माहीत होतं आणि बहुतेक तो मला बोलू देत होता. हात त्यानंच लावला. मी माझे हात पाठीमागं बांधून उभा राहिलो. आम्ही तेल मुरायची वाट पाहत थांबलो, कुणीतरी चहा आणला, काकांनी तो घेतला नाही. शेवटी टप् असा आवाज आला आणि माझं बूच टेबलावर पडून घरंगळलं. काकांनी त्यावर मूठ ठेवली.

आर्मररनं नळी पुन्हा पाहिली, बराच वेळ. तोंडाशी एका खाचेची कड दबली होती आणि आत लांब ओरखडा. "इससे फायर नहीं करने का," तो म्हणाला, आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. नळी नादुरुस्त. हत्याराची निगा राखलेली नाही.

पहिली ओळ काकांनी नुसती वाचली. दुसरी त्यांनी दोनदा वाचली, ओठ हलवत. एवढा ताठ माणूस, पण त्यांचे खांदे माझ्या डोळ्यांदेखत खाली आले. त्या ओळीतला एकही शब्द खरा नव्हता आणि हे तिथं मला एकट्याला माहीत होतं. मी मूग गिळून गप्प बसलो.

परतताना ते माझ्या स्कूटरवर मागं बसले होते. एका टपरीशी मी गाडी थांबवली. "काका, परत जाऊ. मी सांगतो त्यांना. बूच मी लावलं."

"कसाले?" ते म्हणाले. "तुम्ही म्हणाल, मी लावलं. ते इचारतील, हत्यार तुमच्या हाती आलं कसं? मग परवाना बी जाईल, वर केस होईल. आते नुसती चिठ्ठी हाये." थोडं थांबून ते हसले. "आन् नजरेआड मीच केलं ना, साहेब. बुटांपायी. फौजीनं हत्यार सोडून बूट काढायला जायचं? ती चूक माझीच." मग मूठ उघडून त्यांनी बूच माझ्या हातावर ठेवलं. "घ्या. तुमची गिनती बराबर करा."

मी ते घेतलं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण ते माझ्या सोयीचंही होतं, आणि मी ते इतक्या पटकन मान्य केलं ते सोयीचं होतं म्हणून. हे कबूल करायला मला चौदा वर्षं लागली.

रिव्हॉल्व्हर कागदपत्रांनिशी सुरतेच्या परवानाधारक कारागिराकडे गेलं. कित्येक महिन्यांनी त्यानं कळवलं की नळीच बदलावी लागेल, आणि त्यासाठी पुन्हा मंजुरी, पुन्हा खेटे. काकांनी कंटाळून ते जमा करून टाकलं. एजन्सीनं त्यांना आमच्याच गेटवर ठेवलं, दांडा आणि वही देऊन. कंबर रिकामी झाली. महिन्याभरात मोठे साहेब त्यांना 'तू' म्हणायला लागले. काका सलाम मात्र पूर्वीसारखाच कडक ठोकायचे.

मी काय केलं? दर रविवारी त्यांना घरी जेवायला बोलवायला लागलो. बायकोला वाटायचं मला त्यांचा लळा लागलाय. लळा होताच, पण सुरुवात त्यानं झाली नव्हती. ते रविवार मला फार आठवतात. काका येताना आमलीच्या बाजारातून वांगी आणायचे, निवडून, देठ ताजे बघून. त्यांनी माझ्या बायकोला शेवभाजी शिकवली आणि ती तिखट झाली की स्वतःच घाम पुसत "आते बनली" म्हणायचे. जेवण झालं की गॅलरीत चटई टाकून आम्ही पडायचो. ते बर्फातल्या चौकीच्या गोष्टी सांगायचे, मी साच्यांच्या. नात शाळेत जायला लागली, वाचायला शिकली, पळण्याच्या शर्यतीत पहिली आली, सगळं त्या चटईवर मला कळत गेलं. चिठ्ठीचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही. मी चार-पाचदा काढायला गेलो आणि दर वेळी पाणी प्यायला उठलो.

पुढच्या खंडेनवमीला काका दांडा घेऊन आले. दाराशी खाली बसून बूट काढले, आणि बूट काढेपर्यंत दांडा काखेत घट्ट धरून ठेवला होता. मग तो रांगेच्या टोकाला ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, "साहेब, ह्याला बूच नको ना?"

सगळी टूलरूम हसली. मीही हसलो आणि कुंकवाचं ताट घेऊन पलीकडे गेलो, कारण डोळे भरून आले होते.

दोन वर्षांनी ते गावी परतले. तेव्हापासून दर दसऱ्याला त्यांचा फोन यायचा. "सोनं घ्या, साहेब. गिनती बराबर?" मी म्हणायचो, "बराबर, काका." ते खो खो हसायचे. गेली काही वर्षं त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून मी ओरडून "बराबर" म्हणायचो आणि शेजारचे दार उघडून बघायचे.

यंदा फोन आला, पण आवाज मुलीचा. त्यांची नात. "काका, मी बोलतेय. आजोबांना आता फोनवर काहीच ऐकू येत नाही. ते म्हणाले, तुम्हाला सोनं द्यायचं आणि गिनती विचारायची." आवाज अगदी त्यांच्यासारखा खणखणीत. पोलीस भरतीची तयारी चालू आहे, म्हणाली. मग जरा घुटमळली. "काका, एक विचारू? कागदपत्रं शोधताना आजोबांच्या पेटीत एक चिठ्ठी सापडली. सिल्वासाची. 'हत्याराची निगा राखलेली नाही' असं लिहिलंय. मी विचारलं तर म्हणाले, हो, माझ्याकडून राहिलं. पण आजोबा अजून गावातल्या नळाची तोटीसुद्धा रोज पुसतात हो. तुम्ही होतात ना तेव्हा तिथं?"

बायको समोर बसून आपट्याची पानं निवडत होती. मी टीव्हीशेजारच्या ठोकळ्याकडे पाहिलं. आणि मग सांगितलं. ट्रेलर, बूट, माझा अंगठा, कुंकू पुसू नका म्हणालो ते, लोखंडी सळई, टपरीवरचं बोलणं, सगळं. बायकोनं पानं खाली ठेवली.  पलीकडे नातीनं फोन बाजूला धरून आजोबांच्या कानात ओरडून ते सांगितलेलं मला ऐकू आलं. लांबून काकांचा आवाज आला, "नाही गं, नजरेआड मी केलं व्हतं. त्यांना कसाले बोलायला लावलं?"

"बेटा," मी म्हणालो, "ती चिठ्ठी आहे का जवळ? पेन घे. चिठ्ठीच्या मागं लिही. या हत्याराची निगा तुझ्या आजोबांनी रोज राखली होती. नळीत बूच मी लावलं होतं, त्यांना न सांगता, आणि विचारलं तेव्हा मी बोललो नाही. आणि खाली माझं नाव घाल."

कागदाची सळसळ ऐकू आली. ती लिहीत होती, शब्द शब्द उच्चारत.

"काका, नाव पूर्ण लिहू?"

म्हटलं, "पूर्ण लिही."